एचबीएवनसी सात आला, हृदयाचं काय?

(लेखमाला : मधुमेह आणि आपण)

गेल्या आठवड्यात एचबीएवनसीबद्दल लिहिलं होतं. तो सातच्या आत आला की आपल्याकडे पेढे वाटायचेच काय ते बाकी राहतं. पण तो सांगतो मागच्या तीनेक महिन्यांची साखर. अकॉर्ड चाचणीत १०,२५१ मधुमेही होते. त्यातल्या निम्म्यांचा एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा कसून प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि २००८ मध्ये तो उपचार मुदतीआधीच थांबवावा लागला. साखर आटोक्यात हवीच, पण हृदयाचा हिशेब तेवढ्यावर मिटत नाही.

मग कोलेस्टेरॉल? एलडीएलचा आकडा मधुमेहात जरा फसवा असतो. ट्रायग्लिसराइड वाढलेले असले की एलडीएलचे कण लहान होतात. एकेका कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कण मात्र भरपूर. रिपोर्टवर बेरीज बरी दिसते. धमनीच्या भिंतीत घुसतात ते कण. अशा प्रत्येक कणावर अपो-बी हे प्रथिन एकच असतं, त्यामुळे ते मोजलं की कणांची शिरगणतीच होते. असाच दुसरा कण लायपोप्रोटीन-ए; त्याचं प्रमाण बहुतांशी आनुवंशिक. आयुष्यात एकदा तपासलं तरी सहसा पुरतं. सीआरपी हा शरीरातला दाह दाखवणारा आकडा; त्यावर माझा फारसा भर नाही. साधा ताप आला तरी तो चढतो.

मला महत्त्वाची वाटते ती एनटी-प्रोबीएनपी ही तपासणी. बीएनपी हे संप्रेरक १९८८ मध्ये जपानी संशोधकांना सापडलं ते डुकराच्या मेंदूत. मुख्यतः ते हृदयातून येतं हे नंतर कळलं. हृदयाच्या कप्प्यांवर ताण पडला की तिथल्या पेशी ते रक्तात सोडतात, आणि त्याच्यासोबत सुटलेला तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. बाकीचे आकडे धोक्याची कारणं सांगतात, हा हृदयावरचा ताणच दाखवतो, तोही जिना चढताना दम लागू लागण्याच्या आधी. पाँटिआक या २०१३ सालच्या अभ्यासात हृदयविकार नसलेले, पण हा आकडा १२५ पिकोग्रॅमच्या वर असलेले ३०० मधुमेही घेतले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांची रक्तदाबाची ठरावीक औषधं हृदयरोगतज्ज्ञांनी भराभर पूर्ण मात्रेपर्यंत नेली. दोन वर्षांत या दुसऱ्या गटात हृदयविकारामुळे रुग्णालयात जाणं किंवा मृत्यू बरेच कमी झाले. अभ्यास लहान होता, हे खरं. तरी आकडा कळल्यावर करण्यासारखं काही असतं, हे त्यातून दिसलं.

वाचताना मात्र सावध राहावं. वय, मूत्रपिंडाचा आजार, हृदयाची अनियमित लय यांनी हा आकडा वाढतो. उलट लठ्ठ माणसात तो कमी येतो. टाइप २ मधुमेहात वजन वाढलेलं असणं नेहमीचंच, म्हणून पोट सुटलेल्या माणसाचा ९० हा आकडा पाहून लगेच निश्चिंत होऊ नये. दम लागत असेल, पायांवर सूज असेल, तर रिपोर्ट काहीही म्हणो, डॉक्टरांना इकोबद्दल विचारावं.

पुढच्या आठवड्यात : लघवीतला अल्ब्युमिन.