शिक्षकाचा हात व बालकाचे मन

जून महिन्यात शाळा उघडली की इयत्ता पहिलीतील एखादे बालक आईचा पदर सुटताच रडू लागते. ‘रडू नकोस’ असे दहादा सांगून जे साधत नाही, ते शेजारी बसून पाठीवरून सावकाश हात फिरविल्याने पुष्कळदा साधते. याचे कारण शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पाठ, दंड इत्यादी ठिकाणच्या त्वचेत काही अतिशय बारीक ज्ञानतंतू असतात. सेकंदास सुमारे १ ते १० सेंटिमीटर इतक्या मंद गतीने, उबदार हाताने कुरवाळले असता ते विशेष जागृत होतात व स्पर्शातील सुख मेंदूस कळवितात. आई मुलास थोपटते ती गती सहजच मंद असते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आईपासून दूर केलेल्या पिलांजवळ तारेची एक व मऊ कापडाची एक अशा दोन कृत्रिम माता ठेवल्या होत्या. दूध केवळ तारेच्या मातेकडे असले, तरीही पिले बहुतेक वेळ कापडी मातेस बिलगून राहत. हे प्रयोग निर्दय होते. परंतु अन्नाइतकीच मायेच्या स्पर्शाचीही भूक असते, हे त्यांवरून दिसून आले.

मात्र हाच हात मारण्यासाठी उठला, तर त्यातील आधार नाहीसा होतो. शिक्षकाने फळा पुसण्यासाठी हात उचलताच डोके चुकविणारी मुले शाळा-भेटीत माझ्या पाहण्यात आली आहेत. अशा मुलास दुपारी त्याच हाताने धीर कसा देता येईल? शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस मनाई आहे, ती केवळ कायदा म्हणून नव्हे, तर या कारणासाठीही पाळावी.

दुसऱ्या बाजूस, गैरसमज होईल या भीतीने काही शिक्षक मुलांपासून अगदी दूर राहतात. त्यांनी पुढील मर्यादा पाळाव्यात :

(१) स्पर्श सर्वांसमक्ष असावा; खांदा, पाठीचा वरचा भाग अथवा हात एवढाच असावा.

(२) आधी विचारावे. मूल अंग चोरील तर हात तत्काळ मागे घ्यावा व शब्दांनी धीर द्यावा. नकोसा स्पर्श नाकारण्याचा हक्क त्यास शाळेतच कळला पाहिजे.

(३) कोणाच्या वाईट स्पर्शाविषयी मुलाने सांगितल्यास ते खोटे ठरवू नये. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे.

(४) रिंगण, फुगडी, आगगाडी असे हातात हात घेण्याचे खेळ नित्य घ्यावेत. कोणाचा हात कोणीच धरीत नाही, याकडे लक्ष ठेवावे. ते बालक जातीमुळे, आजारामुळे अथवा अस्वच्छतेमुळे एकटे पडले असेल, तर शिक्षकाने प्रथम आपला हात पुढे करावा. वर्ग त्याचे अनुकरण करील.