देवदास पुन्हा पुन्हा कसा घडतो

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘देवदास’ १९१७ साली पुस्तकरूपाने आली. १९२८ मध्ये तिच्यावर मूकपट निघाला. त्यानंतर बंगाली, हिंदी, असमिया, तेलुगू, तमिळ अशा कितीतरी भाषांत देवदास पडद्यावर आला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आणि शेवटही ठाऊक, तरी दर पिढीत कुणीतरी ती नव्याने मांडायला घेतं आणि लोकही बघायला जातात. हे कसं साधतं, ते जरा सावकाश उलगडून बघू.

आधी न बदलणारा भाग. तो फार थोडा आहे. लहानपणापासूनची जोडी, ऐन वेळी कच खाणारा मुलगा, दुसऱ्याच्या घरी दिलेली पारो, कोठ्यावरची चंद्रमुखी आणि मरण्याआधी एकदा तुझ्या दारी येईन हे वचन. एवढं राखलं की प्रेक्षक देवदासला ओळखतो. बाकी सगळं बदलता येतं. मात्र बदल केला की नव्या काळाला पटेल असं कारणही द्यावं लागतं, आणि खरं कसब तिथेच लागतं.

लग्न का मोडतं, हेच घ्या. कादंबरीत देवदासचं मुखर्जी घराणं जमीनदार. पारोचं घराणं मुलीच्या लग्नात पैसे घेणारं, म्हणून कमी दर्जाचं; त्यात शेजारच्या घरातली सोयरीक. बंगालमधल्या तेव्हाच्या वाचकाला हे कारण पुरेसं होतं. देवदास शिकायला जातो तो कलकत्त्याला. गावापासून तुटायला तेवढं अंतरही पुरत होतं. २००२ साली संजय लीला भन्साळींना कलकत्ता जवळचं वाटलं, म्हणून त्यांचा देवदास लंडनहून परततो. २००९ च्या अनुराग कश्यपच्या ‘देव डी’त देव आणि पारो पंजाबातले, आणि तिथे लग्न मोडायला कुळ-शीळ लागतच नाही. कुणीतरी पारोविषयी काहीबाही बोलतं, देव ते खरं मानतो आणि तिला झिडकारतो. घराण्याच्या अहंकाराची जागा पुरुषाच्या संशयाने घेतली. माझ्या मते सगळ्या देवदासपटांतला हा सर्वांत धारदार बदल आहे, कारण अडथळा बाहेरून आत, देवच्या मनात सरकला.

आता एकच प्रसंग जवळून बघू. कादंबरीत पारो मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते. वय कोवळं. तो घाबरतो: कुणी पाहिलं तर काय होईल, उद्या तोंड कसं दाखवशील? तिला लाज-अब्रूची पर्वा नाही; त्याच्या पायाशी जागा मागायला ती आलेली आहे. तो आईवडिलांना विचारतो, नकार ऐकतो आणि कलकत्त्याला निघून जातो. म्हणजे धाडस तिचं आणि भीती त्याची, हे शरच्चंद्रांनीच लिहून ठेवलं होतं. ‘देव डी’तली पारो सायकलवर गादी बांधून शेतात जाते तेव्हा अनेकांना धक्का बसला. पण ती मध्यरात्रीचीच पारो आहे. फक्त कपडे, वाहन आणि काळ वेगळा. चांगलं रूपांतर मूळ पुस्तकातली दबलेली गोष्ट अशी उजेडात आणतं.

दुसरी वाट म्हणजे मूळ लेखकाने मोकळी सोडलेली जागा. कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी कधीच समोरासमोर येत नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये दोघींना वाटेत एकमेकींसमोरून नेलं. पारो पालखीत, चंद्रमुखी पायी. नजरानजर होते, एक शब्द नाही, आणि दोघी आपापल्या वाटेने जातात. भन्साळींनी त्याच मोकळ्या जागेत दोघींना दुर्गापूजेत एकत्र नाचवलं. नाच देखणा आहे. पण त्या मूक भेटीत जे कळतं ते त्यात कळत नाही. चंद्रमुखीचं वजन वाढत गेलं तेही इथूनच. बिमल रॉय यांच्या चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या वैजयंतीमालांनी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नाकारलं. आपलं काम सुचित्रा सेनच्या पारोच्या तोडीचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. नवा देवदास पुस्तकाइतकाच आधीच्या देवदासाला उत्तर देत असतो. प्रमथेश बरुआंनी न्यू थिएटर्ससाठी १९३५ मध्ये बंगाली चित्रपट केला, त्यात देवदासही तेच. पुढच्याच वर्षी हिंदीत देवदास म्हणून सैगल आले. त्या हिंदी चित्रपटाचा कॅमेरा बिमल रॉय यांच्या हाती होता. वीसेक वर्षांनी दिलीपकुमारला घेऊन ते त्याच गोष्टीकडे परतले. आणि पुण्यात व्ही. शांताराम यांना देवदासचा हा हताशपणा मुळीच रुचला नाही. प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) हे त्यांचं उत्तर. शाहू मोडकांचा गणपत हवालदार शांता हुबळीकरांच्या मैनेला जीव लावतो, तिला गमावतो, पण प्रेमासाठी मरत नाही, जगायचं ठरवतो. नाव देवदास नाही, तरी देवदासच्या घडणीत या मराठी चित्रपटाचा हिशेब धरायलाच हवा.

कायद्याचाही वाटा आहे. शरच्चंद्र जानेवारी १९३८ मध्ये गेले. आपल्याकडे तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं स्वामित्वहक्क राहत असे, म्हणजे १९८८ च्या अखेरीस ही कादंबरी सर्वांसाठी खुली झाली. त्यानंतर तिला हवी तशी वाकवायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली.

एवढ्या देवदासांत एक जागा अजून रिकामीच वाटते. हातीपोता गावी पारो एका वयस्क विधुर जमीनदाराचं घर चालवते, तिच्याहून मोठ्या सावत्र मुलांना आपलंसं करते, दानधर्म करते. चित्रपट हे घाईने उरकतात आणि बंद होणाऱ्या फाटकाकडे धावतात. ही जागा पुस्तकात मात्र सापडते. शरच्चंद्रांना मराठीत आणण्यात मामा वरेरकरांचा मोठा वाटा आहे. ‘देवदास’ तर छोटीशीच कादंबरी आहे. पुढचा देवदास बघण्याआधी ती एकदा वाचा, आणि हातीपोत्याची प्रकरणं सोडू नका.