पोकरवर पोट भरते का?

संभाव्यतेचा धडा शाळेत नाण्यापासून सुरू होतो, फाशांवरून पत्त्यांकडे जातो आणि बहुधा तेथेच संपतो. बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला तर तो एक्का असण्याची संभाव्यता १/१३, एवढे लिहिले की गुण मिळतात. वरच्या वर्गातल्या मुलांना मात्र पुढचा प्रश्न पडतो. हे गणित ज्याला उत्तम येते, त्याला पत्ते खेळून पोट भरता येईल का? इंटरनेटवरच्या जाहिराती बरीच वर्षे या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे देत होत्या. अशा वेळी 'जुगार वाईट' एवढेच सांगून मुलांचे समाधान होत नाही. प्रश्न गणिताचा आहे, तेव्हा उत्तरही गणितानेच शोधू या.

त्यासाठी पोकर हा खेळ सोयीचा आहे. रुलेटच्या चाकावर खेळणाऱ्याचे कौशल्य चालत नाही. तेथे प्रत्येक पैजेत सरासरीने जुगारघराचाच फायदा असतो. पोकरमध्ये माणूस माणसाविरुद्ध खेळतो, म्हणून चांगला खेळाडू दीर्घकाळात खरोखरच जिंकू शकतो. अमेरिकेतील लास व्हेगास शहरात केवळ पोकरवर उपजीविका करणारी माणसे आहेत. त्यांच्या पुढ्यातला हिशेब कसा असतो ते पाहू.

एक डाव

सध्या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. नंतर टेबलावर पाच पत्ते सर्वांसाठी उघडे मांडले जातात. पैजेच्या चार फेऱ्या होतात. या सात पत्त्यांतून पाच पत्त्यांची सर्वोत्तम रचना ज्याची होते, तो जमलेले सगळे पैसे घेतो. शिवाय हूल देऊन इतरांना डाव सोडायला लावूनही जिंकता येते.

बावन्नांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारांनी निवडता येतात. त्यांपैकी दोन एक्क्यांचे प्रकार फक्त ६. म्हणजे ही उत्तम सुरुवात सरासरीने २२१ डावांतून एकदाच मिळते. समजा, ती आपल्याला मिळाली आणि समोरच्याकडे दोन राजे आहेत. दोघांनीही पाच पत्ते उघडण्यापूर्वीच प्रत्येकी ५०० डॉलर लावले. आपण जिंकण्याची संभाव्यता सुमारे ८२ टक्के. म्हणून आपले अपेक्षित मूल्य ०.८२ × ५०० − ०.१८ × ५०० = ३२० डॉलर.

आता गंमत पाहा. हे ३२० डॉलर आपल्याला कधीच मिळत नाहीत. मिळतात ते ५००, किंवा जातात ते ५००. साधारण साडेपाच वेळांतून एकदा, काहीही चूक न करता, आपले ५०० डॉलर जातात. कौशल्याने हाती येते ती फक्त सरासरी. प्रत्यक्ष पैसे मात्र त्या सरासरीभोवती मोठे हेलकावे खात येतात.

एक महिना

या हेलकाव्यांचे माप म्हणजे प्रमाण विचलन. आपण एक काल्पनिक, पण वास्तवाशी जुळणारा खेळाडू घेऊ. तो मध्यम पैजांच्या टेबलावर खेळतो. त्याची मिळकत ताशी सरासरी २५ डॉलर आहे आणि एका तासाच्या निकालाचे प्रमाण विचलन ३०० डॉलर आहे. सरासरीच्या बारापट विचलन पाहून आश्चर्य वाटेल. पण एकाच डावात ५०० डॉलर जाऊ शकतात हे आपण पाहिलेच आहे.

तासांचे निकाल परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर n तासांत सरासरी मिळकत n पट होते, विचलन मात्र √n पट होते. सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. महिन्याला १२० तास खेळल्यास अपेक्षित मिळकत ३,००० डॉलर आणि विचलन ३०० × √१२०, म्हणजे सुमारे ३,२९० डॉलर. प्रसामान्य वितरणाचा तक्ता उघडला की असे दिसते: महिनाअखेर तोट्यात असण्याची संभाव्यता सुमारे १८ टक्के. घरखर्च २,५०० डॉलर धरला, तर तोही न निघण्याची संभाव्यता सुमारे ४४ टक्के. म्हणजे वर्षातले जवळजवळ पाच महिने या कुशल खेळाडूचा घरखर्च खेळातून भागत नाही. पूर्ण वर्षाचा विचार केला तरी मिळकत वर्षाच्या ३०,००० डॉलर खर्चाहून कमी पडण्याची संभाव्यता ३० टक्क्यांच्या आसपास राहते.

आपल्याकडे कोरडवाहू शेतकऱ्याला हे गणित सांगावे लागत नाही. वर्षाचा पाऊस सरासरीइतका झाला, पण पेरणीनंतर महिनाभर उघडीप पडली, तर त्या सरासरीचा त्याला काय उपयोग?

दिवाळ्याचे सूत्र

यावर कोणी म्हणेल की थोडे भांडवल गाठीशी ठेवावे म्हणजे झाले. किती भांडवल, हा प्रश्न फार जुना आहे. १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात अर्धवट राहिलेल्या खेळातील पैशांची वाटणी कशी करावी याचा विचार झाला आणि संभाव्यतेच्या शास्त्राची पायाभरणी झाली. पुढे १६५७ साली हायगेन्सने या विषयावर छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी दिलेल्या पाच उदाहरणांपैकी पाचवे 'जुगाऱ्याचे दिवाळे' या नावाने पुढे ओळखले गेले: दोन खेळाडूंपैकी कोणाचे पैसे आधी संपतील?

आपल्या खेळाडूसाठी या प्रश्नाचे उत्तर सोपे करून असे मांडता येते. भांडवलाला ताशी मिळकतीच्या दुपटीने गुणा आणि ताशी विचलनाच्या वर्गाने भागा. येणाऱ्या संख्येइतका e चा ऋण घात म्हणजे कधी ना कधी दिवाळे निघण्याची संभाव्यता.

भांडवल १०,००० डॉलर घेऊ. भागाकार (१०,००० × ५०) ÷ ९०,००० = ५.५६ येतो आणि दिवाळ्याची संभाव्यता अवघी ०.४ टक्के. उत्तम! पण थांबा. हा माणूस जेवत नाही, भाडे भरत नाही, असे आपण गृहीत धरले आहे. घरखर्च याच भांडवलातून काढायचा, तर ताशी मिळकतीतून तो वजा केला पाहिजे. महिन्याचा खर्च २,००० डॉलर असेल, तर ताशी उरतात ८.३३ डॉलर आणि दिवाळ्याची संभाव्यता होते सुमारे १६ टक्के. खर्च २,५०० असेल, तर ताशी उरतात ४.१७ आणि संभाव्यता ४० टक्क्यांवर जाते. खर्च ३,०००, म्हणजे मिळकतीइतकाच असेल, तर दिवाळे कधी ना कधी निश्चित. प्रश्न फक्त केव्हा एवढाच.

खेळ तोच आहे, कौशल्य तेच आहे आणि पत्तेही तेच आहेत. फक्त खेळाडूने त्यावर पोट भरायचे ठरवले आणि ०.४ टक्क्याचे ४० टक्के झाले. नोकरी सांभाळून फावल्या वेळात खेळणारा माणूस जिंकतो म्हणून नोकरी सोडल्यावरही तो तरेल, असा निष्कर्ष का काढता येत नाही, ते यावरून कळते. जाणता खेळाडू भांडवल घटले की लहान पैजांच्या टेबलावर उतरतो. तेथे विचलन निम्मे होते; पण मिळकतही निम्मी होते आणि घरभाडे मात्र तेवढेच राहते.

आपण कुशल आहोत हे कळणार कसे?

आतापर्यंत आपण 'ताशी २५ डॉलर' हा आकडा माहीत आहे असे धरले. प्रत्यक्षात तो खेळाडूला कोणीच सांगत नाही. त्याला तो स्वतःच्या निकालांवरून काढावा लागतो. १०० तासांनंतर काढलेल्या सरासरीची प्रमाण त्रुटी ३०० ÷ १० = ३० डॉलर असते. म्हणजे आपण जिंकणारे आहोत की हरणारे, हेसुद्धा ठरवता येत नाही. १,००० तासांनंतर, म्हणजे आठ महिन्यांहून अधिक काळ खेळल्यावर, खरी सरासरी ६ ते ४४ डॉलरच्या दरम्यान कुठेतरी आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. ५ डॉलरपर्यंत अचूकता हवी असेल, तर सुमारे १४,४०० तास लागतील. महिन्याला १२० तासांच्या हिशेबाने दहा वर्षे!

ही अडचण शास्त्रज्ञांनाही चुकली नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील टुओमास सँडहोम आणि नोम ब्राऊन यांनी 'लिब्राटस' नावाचा पोकर खेळणारा संगणक-कार्यक्रम तयार केला. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्ग येथे चार व्यावसायिक खेळाडूंशी त्याचा सामना झाला. निकाल नशिबाचा नाही हे दाखवण्यासाठी २० दिवसांत १,२०,००० डाव खेळावे लागले. शिवाय एका खेळाडूला जे पत्ते येत, तेच दुसऱ्या टेबलावर संगणकाला दिले जात, म्हणजे पत्त्यांच्या नशिबाचा परिणाम बराचसा कटावा. लिब्राटस जिंकला. पण टेबलावर बसलेल्या सामान्य खेळाडूला असा प्रयोग आखता येत नाही. चार चांगले महिने गेले की त्याला आपण हुशार वाटतो आणि चार वाईट गेले की नशीब खोटे वाटते.

पैसे येतात कोठून?

पोकरच्या टेबलावर संपत्ती निर्माण होत नाही; एकाची जाते ती दुसऱ्याला मिळते. त्यातूनही जुगारघर प्रत्येक डावातून आपला वाटा काढून घेते. आपल्याकडे जुगाराच्या अड्ड्यावर याला नाल म्हणतात. तासाला ३० डाव होतात आणि प्रत्येकातून ४ डॉलर कापले जातात असे धरले, तर टेबलावरून तासाला १२० डॉलर नाहीसे होतात. नऊ खेळाडूंपैकी एकाला २५ डॉलर मिळायचे असतील, तर उरलेल्या आठांनी मिळून १४५ डॉलर, म्हणजे प्रत्येकी सुमारे १८ डॉलर हरले पाहिजेत. असे दोन कुशल खेळाडू बसले, तर उरलेल्या सातांना प्रत्येकी २४ डॉलर हरावे लागेल. तीन बसले, तर सहांना प्रत्येकी ३२ डॉलरहून अधिक. कुशल माणसे वाढली की इतरांचे पैसे लवकर संपतात, ते येईनासे होतात आणि मग कुशल माणसांनाही एकमेकांसमोर बसावे लागते. या व्यवसायात सर्वांनी प्रवीण होऊन भागत नाही. आणि लक्षात घ्या, हेलकाव्यांवाचून मिळकत त्या टेबलावर एकालाच आहे: नाल काढणाऱ्याला.

सरासरी कायम राहील याचीही शाश्वती नसते. २००३ साली ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातील हिशेबनीस इंटरनेटवरील स्वस्त पात्रता फेरीतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि ८३९ स्पर्धकांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. त्याची कथा जगभर गेली. २००६ साली त्याच स्पर्धेत ८,७७३ जण उतरले. ज्यांचे पैसे गेले त्यांच्या कथा कोणी छापल्या नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. निवडक नमुन्यावरून अनुमान काढण्याचे इतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. पुढे १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर संकेतस्थळांच्या चालकांवर खटले भरले आणि तेथील इंटरनेटवर खेळणाऱ्या व्यावसायिकांची मिळकत एका दिवसात थांबली. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदी घालणारा कायदा मंजूर केला. भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही, आणि कायदा बदलला की धंदाच नाही, अशी ही स्थिती आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे

हे सारे पैशाशिवाय वर्गात दाखवता येते. एका पिशवीत २० चिठ्ठ्या ठेवा: ११ वर 'अधिक एक', ९ वर 'उणे एक'. प्रत्येक विद्यार्थ्याने १० गुणांच्या भांडवलाने सुरुवात करून १०० वेळा चिठ्ठी काढावी, ती दरवेळी परत टाकावी आणि गुणांचा आलेख काढावा. भांडवल शून्यावर आले की खेळ संपला. येथे प्रत्येक जण 'कुशल' आहे, कारण पिशवी त्याच्या बाजूची आहे. तरी पन्नासांच्या वर्गात चार-पाच जणांचे भांडवल संपलेले आढळेल.

मग तोच खेळ पुन्हा खेळा. या वेळी दर दहा चिठ्ठ्यांनंतर एक गुण 'घरखर्च' म्हणून कापून घ्या. आता पंधराच्या आसपास मुले बाद होतील. दोन्ही वेळचे आलेख भिंतीवर शेजारी-शेजारी लावा आणि बाद झालेल्या मुलांनाच विचारा की त्यांची चूक काय झाली. त्यांना चूक सापडणार नाही. कौशल्याचा हिशेब वर्षांनी लागतो आणि घराचा हिशेब महिन्याला द्यावा लागतो, ही गोष्ट त्यांना जाहिरात पाहण्याआधी कळली, तर संभाव्यतेच्या धड्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.