आहार आणि चित्तस्वास्थ्य

पीक पिवळें पडलें म्हणजे जमिनींत काय कमी पडलें हें शेतकरी प्रथम पाहतो. घरांतील माणूस मात्र खिन्न होऊन बसला, त्याची झोप उडाली, तर त्याच्या ताटांत काय पडतें इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. या दोहोंच्या संबंधाची एक परीक्षा ऑस्ट्रेलियांत झाली. तिची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

डीकिन विद्यापीठाच्या विदुषी फेलिस जॅका व त्यांचे सहकारी यांनीं हा प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध केला. औदासीन्याचा विकार जडलेल्या व आहारहि निकृष्ट असलेल्या ६७ व्यक्तींचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन गट पाडले. एका गटास १२ आठवड्यांत ७ वेळां आहारतज्ज्ञानें उपदेश केला. दुसऱ्याशीं तितक्याच वेळां केवळ स्नेहाच्या गोष्टी केल्या. पूर्वीचे उपचार बंद केले नाहींत. आहार म्हणजे न सडलेलीं धान्यें, कडधान्यें, भाजीपाला, फळें, दूध-दहीं, मासे व ऑलिव्हचें तेल. मैदा, मिठाई, तळीव पदार्थ व साखरेचीं पेयें कमी. अखेरीस पहिल्या गटांत शेंकडा ३२ जणांचा विकार शमला, दुसऱ्यांत शेंकडा ८ जणांचा. शिवाय दरमाणशीं आठवड्याचा खर्च १३८ डॉलर होता, तो नव्या आहारानें ११२ डॉलर भरला. चांगलें खाणें श्रीमंतांचें काम, असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा ध्यानीं घ्यावा.

तथापि महसूल खात्यांत हयात गेल्यामुळें आंकड्यांपुढें मान डोलावण्यापूर्वीं ते कसे जमले हें विचारण्याची आम्हांस खोड आहे. माणसें थोडीं होतीं, आणि आपणांस कोणता उपचार मिळतो हें त्यांस ठाऊक होतें. उदास मनुष्य मुळांतच नीट जेवत नाहीं. तेव्हां नुसत्या पाहणीवरून कारण कोणतें व कार्य कोणतें हें ठरत नाहीं. २०१९ सालीं युरोपांतील चार देशांत हजारावर स्थूल व्यक्तींस वर्षभर पोषक गोळ्या देऊन पाहिल्या, त्यांनीं औदासीन्य टळलें नाहीं. चिंताविकाराविषयींचा पुरावा तर याहूनहि विरळ आहे.

आपणांस ऑलिव्हचें तेल आणावयास नको. ज्वारी-बाजरीची भाकरी, तुरीचें वरण, मेथी, शेंगदाणे, ताक हें बरेंचसें त्याच जातीचें अन्न. परंतु आज सगळें दूध डेअरीस घालावयाचें आणि घरीं चहा-बिस्किटांवर सकाळ काढावयाची, ही चाल कोणत्या शहाणपणाची? एक गोष्ट विशेष सांगतों. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. तें दूध, अंडीं, मासे व मांस यांत असतें. तें घटलें म्हणजे थकवा येतो, हातापायांस मुंग्या येतात व मनहि खचूं शकतें. रक्त तपासून ही उणीव कळते आणि उपायानें भरून निघते.

पेरणी फसली, सावकाराचा तगादा लागला, अशा वेळीं भाकरीनें कर्ज फिटत नाहीं हें आम्ही जाणतों. ज्यानें अन्न टाकलें आहे अथवा जो मरणाची भाषा बोलतो, त्यास आहाराचा उपदेश करीत न बसतां तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें व एकटें सोडूं नये. सरकारनें २०२२ पासून टेलि-मानस ही विनामूल्य सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रींबेरात्रींहि मराठींत बोलतां येतें.