पिल्लांची ऊब : दिवा किती, उंची किती आणि राखण कोणाची?



भातझोडणी उरकली, पहाटे भातसा नदीच्या काठाने धुकं उतरायला लागलं, की सापगाव परिसरातल्या आणि पुढे मुरबाडकडच्या कोंबडीच्या शेडवाल्यांची झोप उडते. लॉट टाकायचा तर याच दिवसांत, आणि मरतूक होते तीही याच दिवसांत. संध्याकाळी उड्या मारणारी पिल्लं सकाळी एका कोपऱ्यात ढीग करून चेंगरलेली सापडतात. मग कोणी म्हणतो पिल्लंच खराब आली, कोणी म्हणतो खाद्य बाधलं. पुष्कळदा कारण एवढंच असतं की रात्री ऊब कमी पडली.

सापगावच्या गोष्टीला सापाचंच उदाहरण घेऊ. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. सकाळी तो उन्हात येऊन पडतो, ऊन चढलं की दगडाखाली शिरतो. शहरात आणि परदेशात हौसेने सरडे, अजगर पाळणारे लोक आहेत. ते काचेच्या पेटीच्या एकाच टोकाला दिवा लावतात आणि दुसरं टोक थंड ठेवतात. आपल्याला कुठे बसायचं ते जनावर स्वतः ठरवतं. (आपल्या रानातला नाग, अजगर, घोरपड किंवा तारा कासव धरून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तो नाद नको.)

एक दिवसाचं कोंबडीचं पिल्लूही पहिले दहा-बारा दिवस जवळजवळ असंच असतं. अंगावर लव असते, पिसं नसतात, अंगाचं तापमान राखायची ताकद अजून आलेली नसते. खुडूक कोंबडी असली तर ती पंखाखाली घेते. शेडमध्ये आई नाही, म्हणून आपण ब्रूडर लावतो.

किती ऊब लागते?

पहिल्या आठवड्यात ब्रूडरच्या कडेपाशी, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस (९५ फॅरनहाइट) हवे. मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करायचे. दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६-२७. हे तापमान भिंतीवर टांगलेल्या थर्मामीटरवर बघू नका. पिल्लू गादीपासून दोन इंचांवर जगतं, भिंतीवर नाही.

साधन कोणतं निवडाल?

पिवळा बल्ब : वीज असेल तिथे सोपा. उन्हाळ्यात पिल्लामागे १ वॅट, थंडीत २ वॅट असा हिशोब धरा. म्हणजे २५० पिल्लांना थंडीत ५०० वॅट, शंभराचे पाच बल्ब. एकच मोठा लावण्यापेक्षा पाच लावा, एक उडाला तरी चार चालू राहतात. आणि एक चूक टाळा. हल्ली दुकानात एलईडी मिळतो. तो उजेड देतो, ऊब देत नाही म्हटलं तरी चालेल. एलईडी लावून ‘उजेड तर लख्ख आहे’ असं म्हणत बसू नका.

इन्फ्रारेड दिवा : २५० वॅटचा एक दिवा साधारण २५० पिल्लांना पुरतो, मात्र कडाक्याच्या थंडीत जादा सोय ठेवा. हा हवा कमी तापवतो, पिल्लाचं अंग आणि गादी थेट तापवतो. पाण्याचा थेंब उडाला की काच तडकते, म्हणून भांडी दूर ठेवा.

गॅस ब्रूडर : मोठ्या लॉटला बरा, विजेवर अवलंबून नाही. जोडीचं सिलिंडर भरलेलं हवं, नळी दर लॉटला तपासावी.

कोळशाची शेगडी, भुशाची बुखारी : स्वस्त आणि हाताशी असलेली. पण कोळशाच्या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. पडदे बंद करून शेगडी पेटवली तर पिल्लं गुदमरतात आणि राखणीला झोपलेला माणूसही उठत नाही. बंद शेडमध्ये शेगडीशेजारी झोपू नका, हे घरच्या पोरांनाही बजावून सांगा. शेगडीभोवती पत्रा उभा करा. खाली भाताचं तूस आहे, एक ठिणगी पुरते.

थर्मोस्टॅट लावावा का?

लावावा. ५०० वॅटचे बल्ब चोवीस तास जळले तर १२ युनिट होतात. दुपारी ऊन असताना थर्मोस्टॅटने ते निम्मा वेळ बंद ठेवले तर ६ युनिट. सात दिवसांत ४२ युनिट वाचले. त्याहून मोठा फायदा म्हणजे दुपारी पिल्लं उकडत नाहीत.

पण तो लावायची रीत आहे. त्याचा सेन्सर बल्बच्या थेट खाली ठेवला तर तो लवकर तापतो, दिवे लवकर बंद होतात आणि पिल्लं गारठतात. सेन्सर ब्रूडरच्या कडेला, गादीपासून दोन इंचांवर, पिल्लांची चोच पोचणार नाही असा जाळीत ठेवा. चालू-बंद यांत एक-दोन अंशांचा फरक ठेवा. एक साधा थर्मामीटर त्याच्याशेजारी लावा. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटले तर दिवे बंदच होत नाहीत, ते ह्या थर्मामीटरवरून कळतं. वायर जाड, अर्थिंग पक्कं आणि बल्ब साखळीने टांगलेले असावेत. वायरला लोंबकळणारा बल्ब म्हणजे आगीला निमंत्रण.

आता आपल्याकडचा खरा घोळ, तो म्हणजे व्होल्टेज. २३० च्या जागी १८० आलं, की बल्बची ऊब शेकडा ६० ते ७० इतकीच राहते. दिवा तर पेटलेला दिसतो! म्हणून पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी ब्रूडर चालू करा आणि संध्याकाळी सात वाजता व पहाटे चार वाजता तापमान बघा. ते कमी भरलं तर बल्ब वाढवा किंवा छत्री खाली घ्या. उंची साधारण दीड ते दोन फूट. आणि वीज गेली तर पुढच्या पंधरा मिनिटांत काय पेटवायचं, ते आधी ठरवा.

पिल्लांकडे बघा

थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं बोलतात. सगळी दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी. दिव्यापासून दूर, चोच उघडी, पंख पाडलेले, तर ऊब जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा घुसतोय. सारखी पसरलेली, काही खाताहेत, काही झोपलीत, तर बरोबर. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर दिवा वाढवा.

चिकगार्ड दीड फूट उंचीचा, छत्रीच्या कडेपासून दोन-अडीच फूट लांब गोल लावा, म्हणजे मधे गरम आणि कडेला थंड अशा दोन्ही जागा मिळतात. कोपरा ठेवू नका, पिल्लं कोपऱ्यातच चेंगरतात. तिसऱ्या दिवसापासून गोल वाढवत न्या. गादीला आपल्याच भातगिरणीचं कोरडं तूस दोन-तीन इंच. पहिलं पाणी कोमट द्या.

थंडी म्हणून चारी बाजूंचे पडदे गच्च बांधू नका. वरची वीतभर जागा मोकळी ठेवा. हवा कोंडली की अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे चुरचुरले तर पिल्लांचं काय होत असेल? अशा कोंडलेल्या हवेत आणि थंडीत वाढलेल्या ब्रॉयलरच्या पोटात पुढे पाणी होतं.

ग्रामपंचायत आणि बचत गटांसाठी

वाटपाची एकदिवसीय पिल्लं घेण्याआधी एक प्रश्न विचारा : पहिले चार आठवडे यांना ऊब कोण देणार? घरोघरी वीस-वीस पिल्लं वाटली आणि पाड्यावर रात्री वीज नसली, तर आठवड्यात टोपली रिकामी. त्यापेक्षा गटातल्या एका घरी ब्रूडर लावून पिल्लं महिनाभर वाढवा, लसी तिथेच द्या आणि मग वाटा. गिरिराज, वनराज काटक खरी, पण पहिल्या आठवड्यात त्यांनाही ३५ अंशच लागतात.

शेवटची गोष्ट. प्रत्येक मर थंडीवर ढकलू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोली येथे बर्ड फ्लू निघाला होता आणि परिसरातल्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. ऊब ठीक असूनही मर वाढत असेल किंवा मोठे पक्षी अचानक मरत असतील, तर मेलेले पक्षी नदीत वा रस्त्याकडेला टाकू नका, विकू नका. त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवलेला आजार शेजाऱ्याचीही शेड रिकामी करतो.