माजी सैनिकांच्या निवासगृहात कुत्रा भेटीला आणायचा? आधी हे पाहा

बांदा : मुलगे मुंबई-पुण्याला, जोडीदार गेलेला आणि स्वतःला नीट उठता येत नाही. मग माजी सैनिकाला निवासगृह गाठावं लागतं. घर सुटतं, तसा पडवीत पायाशी बसणारा कुत्राही सुटतो. तो अधूनमधून भेटायला आणता येईल का?

उपयोग काय?
कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पॉलिंग इथे हवाई दलाच्या जखमी जवानांना कुत्र्यांचा सहवास दिला जात होता. कुत्रा आला की गप्प बसलेला माणूस बोलू लागतो, कुरवाळताना हात हलतो, एकटेपणा कमी होतो. मात्र हा औषधाला पर्याय नाही.

धोका कुठे?
मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशा इजेत अनेकांच्या कमरेखाली संवेदना नसते. पायाला नख लागलं तरी कळत नाही. म्हणून भेटीनंतर हातपाय तपासायलाच हवेत. ओरखडा दिसला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साधा ओरखडाही जास्त वाहतो.

कुत्रा कसा हवा?
- रेबीजची लस वेळेवर दिलेली हवी. शेजारच्या गोव्याने लसीकरणाच्या जोरावर २०२१ मध्ये 'रेबीज नियंत्रित राज्य' हा दर्जा मिळवला.
- आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोची भीती असते. त्याचीही लस कुत्र्याला देता येते.
- अंगावर गोचीड नको. गोचिडीतून पसरणारा माकडताप बांदा परिसराने पाहिलेला आहे.
- माणसाळलेला, पट्टा लावलेला आणि सोबत मालक असलेला हवा.

भटक्यांचं काय?
सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा ठिकाणांहून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश दिला. तो पाळीव कुत्र्याच्या ठरवून केलेल्या भेटीबद्दल नाही. पण गेटवरचा भटका कुत्रा 'आपलाच आहे' म्हणून आत घेणं योग्य नाही.

सुरुवात कशी करावी?
आधी प्रत्येकाला विचारा. कुणाला भीती असते, कुणाला दमा, कुणाला नुसतं नको असतं. पहिली भेट अर्ध्या तासाची, अंगणात ठेवा. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली वर्ज्य. लसीचं कार्ड दप्तरी ठेवा, भेटीनंतर सगळ्यांचे हात धुवा. आणि नको म्हणणाऱ्याच्या खाटेजवळ कुत्रा जाणार नाही, ही जबाबदारी एका कर्मचाऱ्यावर नेमून द्या.