स्वमग्न बालक आणि गावचे क्रीडांगण

प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणाच्या तासाची शिट्टी झाली की मुले मैदानाकडे धाव घेतात आणि रांगा धरतात. एखादे मूल मात्र रांगेत ठरत नाही. ते कुंपणाच्या कडेने फेऱ्या घालते, बोटे डोळ्यांसमोर नाचविते, शिट्टी पुन्हा वाजताच कानांवर हात घेते. गुरुजी दोनदा हाक मारतात, तिसऱ्यांदा त्यास व्हरांड्यात बसवितात आणि तास पुढे चालू होतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु आठवड्यातील ज्या तासाचा त्या मुलास सर्वांत अधिक लाभ होऊ शकला असता, नेमका तोच तास त्याच्याकडून काढून घेतला जातो.

हे मूल बहुधा स्वमग्न असते. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता असून ती जन्मापासूनच असते. संवाद साधणे, इतरांचे भाव ओळखणे, ठरलेल्या क्रमात झालेला बदल सहन करणे या गोष्टी अशा बालकास कठीण जातात. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा बालकांचा अभ्यास प्रसिद्ध करून या अवस्थेचे प्रथम सविस्तर वर्णन केले. पुढे काही काळ आईच्या मायेचा अभाव हे तिचे कारण मानले जात असे. ते मत संशोधनाने पूर्णपणे खोडून काढले आहे. बाहेरची बाधा, ग्रहदशा किंवा आईची हेळसांड यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही, ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम समजून घ्यावी. कारण बोल लागतो तो बहुतेक वेळा सुनेलाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हे प्रमाण पाहता ही केवळ शहरातील गोष्ट राहत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, खानापूर आणि लोंढा या रेल्वे स्थानकांच्या दरम्यान वसलेले गुंजी हे गाव घ्या. भातशेती, आजूबाजूस रान, जोराचा पाऊस आणि माऊली देवीचे देवस्थान ही त्याची ओळख. अशा गावातील पालकास उपचारासाठी बेळगावला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावी लागते. आठवड्यातून दोनदा असा प्रवास करणे किती कुटुंबांस परवडेल, हे सांगावयास नको. शाळेचे मैदान मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर असते.

स्वमग्नतेत बोलण्याची अडचण सर्वांच्या लक्षात येते. हालचालींची अडचण सहसा येत नाही. व्हिएन्ना येथील डॉ. हान्स आस्पर्गर यांनी १९४४ च्या आपल्या निबंधात अशा मुलांच्या बेडौल हालचालींची नोंद केली होती. समूहाच्या तालात मिसळणे त्यांना साधत नसे. अनेक स्वमग्न बालकांचे स्नायू सैल असतात, समतोल कच्चा असतो आणि पाहून अनुकरण करणे त्यांना जड जाते. बाल्टिमोर येथील संशोधकांना २००९ मध्ये असे आढळून आले की, नवी हालचाल शिकताना ही बालके नजरेपेक्षा स्वतःच्या सांध्यांच्या व स्नायूंच्या जाणिवेवर अधिक विसंबतात. गुरुजी समोर उभे राहून हात वर करून दाखवितात आणि मूल नुसते बघत राहते, यामागे हे कारण असू शकते. तो हट्ट नव्हे. अशा वेळी मुलाची तयारी असल्यास त्याचे हात हळुवार धरून हालचाल करवून घ्यावी. स्पर्श नकोसा वाटत असेल तर बळजबरी करू नये.

हालचालींचा आणि मैत्रीचा संबंध येथेच येतो. लहान मुलांची ओळख खेळातून होते. ज्याला चेंडू झेलता येत नाही त्याला डावात कोणी घेत नाही. ज्याला डावात घेत नाहीत, त्याला आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याकडे बघणे, हरणे आणि पुन्हा उभे राहणे यांचा सराव मिळत नाही. म्हणून या मुलांस चेंडू झेलावयास शिकविणे हे केवळ व्यायामापुरते राहत नाही.

त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागते ती ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ठरलेला क्रम. पाटीवर चार साधी चित्रे काढावीत: धावणे, चेंडू, लेझीम, पाणी पिणे. एक प्रकार संपला की मुलाच्या हाताने त्यावर रेघ मारवावी. पुढे काय होणार हे आधी कळल्याने त्याची भीती कमी होते. उभे राहण्याची जागा फक्कीने पावले आखून दाखवावी. शिट्टीचा त्रास होत असल्यास हात वर करून खूण करावी. सूचना थोडक्यात द्याव्यात. ‘‘अरे, किती वेळा सांगितले, सगळे कसे करतात बघ’’ या वाक्यातून त्याला काहीही बोध होत नाही. ‘‘रेषेपर्यंत पळ’’ हे दोन शब्द पुरतात.

आरंभ एका सोबत्यापासून करावा आणि निदान महिनाभर तो बदलू नये. चिंध्यांचा मोठा चेंडू प्रथम बसून घरंगळत द्यावा, मग टप्पा देऊन, आणि शेवटी हवेतून. लगोऱ्यांचा खेळ यासाठी फार सोयीचा आहे. चेंडू बाजूला ठेवून आधी केवळ चपट्या दगडांची चळत रचावी: एक दगड तू, एक दगड मी. पाळीचा धडा याहून सोप्या रीतीने क्वचितच देता येईल. लंगडीसाठी प्रथम भिंतीला हात टेकून एका पायावर उभे राहणे, नंतर दोन रेषांमधील अंतर उड्या मारीत ओलांडणे आणि त्यानंतर सोबत्यापर्यंत पोहोचून त्यास शिवणे, असे टप्पे पाडावेत. शेताच्या बांधावरून चालणे हा समतोलाचा उत्तम व्यायाम होय. अर्धी भरलेली घागर किंवा वाळूची लहान पिशवी उचलून नेण्याने काही मुले शांत होतात, असाही अनुभव आहे.

खो-खो हा आपला लाडका खेळ, परंतु तो घाईने सुरू करू नये. पाठीमागून अचानक बसणारी थाप या मुलांना दचकविते. ‘बाद’ होऊन बाहेर बसविणारे खेळही आरंभी टाळावेत. ज्याला खेळण्याची गरज अधिक, तोच त्यात आधी बाहेर बसतो.

लेझीम ही तर आपल्या मातीची देणगी. ठोका ठराविक असतो, हालचाल पुन्हा पुन्हा तीच येते, हातात वजन असते आणि शेजारच्याकडे न पाहताही त्याच्याबरोबर चालता येते. समोरासमोर पाहणे ज्याला अवघड जाते, त्याच्यासाठी समूहात शिरण्याची ही वाट सोपी ठरू शकते. मात्र आवाज सोसत नसेल तर प्रथम लाकडी टिपऱ्या घ्याव्यात आणि हलगी दूर ठेवावी.

या विचाराला अन्यत्रही आधार आहे. जपानमध्ये श्रीमती कियो किताहारा यांनी १९६४ मध्ये तोक्यो परिसरात सुरू केलेल्या मुसाशिनो हिगाशी शाळेत स्वमग्न मुलांच्या शिक्षणात सामूहिक व्यायामास मध्यवर्ती स्थान देण्यात आले. तैवानमधील एका प्रयोगात सोळा मुलांना दहा आठवडे पोहण्याचे शिक्षण दिले असता त्यांच्या पोहण्याच्या कौशल्याबरोबर सामाजिक वर्तनातही सुधारणा दिसली. तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. इराणमध्ये चौदा आठवडे कराटेचे ठराविक क्रमातील प्रकार शिकविल्यावर मुलांच्या त्याच त्या निरर्थक हालचाली कमी झाल्याचे २०१२ मध्ये नोंदविले गेले. हे प्रयोग लहान गटांवरील आहेत. हालचालींतील सुधारणा बरीच खात्रीची, सामाजिक सुधारणा मात्र मुलागणिक कमीअधिक, असेच आजवरच्या संशोधनावरून म्हणता येते. व्यायामाने स्वमग्नता ‘बरी’ होत नाही आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून पालकांनी दूर राहावे.

मुंबईच्या जिया राय हिचे उदाहरण अनेकांनी वाचले असेल. नौदलातील कर्मचाऱ्याची ही स्वमग्न कन्या उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरली. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी तिने वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर अंतर ८ तास ४० मिनिटांत पार केले. २०२२ मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला आणि जुलै २०२४ मध्ये सोळाव्या वर्षी तिने इंग्लिश खाडी पोहून पार केली. प्रत्येक मूल जिया होणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

पाण्याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. अनेक स्वमग्न मुले लक्ष चुकवून एकटीच चालू लागतात आणि पाण्याकडे ओढली जातात. त्यांच्यात बुडून मृत्यू पावण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा पुष्कळच अधिक असल्याचे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले आहे. विहिरी, पावसाळी ओहोळ आणि जवळून जाणारा लोहमार्ग असलेल्या गावात हा धोका कागदावरचा नाही. मैदानावर एका मोठ्या माणसाने केवळ याच मुलावर लक्ष ठेवावे. ‘थांब’ म्हणताच जागीच थांबण्याचा खेळ रोज घ्यावा. यात्रेच्या गर्दीत मुलाच्या खिशात नाव व पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सुरक्षित जागी, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहणे शिकविता आल्यास उत्तमच.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश असून, कलम १६ नुसार शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजनाची संधीही इतरांच्या बरोबरीने देणे शाळांवर बंधनकारक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीत व शाळेत मुलांची तपासणी होते. शंका आल्यास तेथील वैद्यकीय पथकास दाखवावे. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आहेत. प्रमाणपत्र व योजनांच्या कामी त्यांचे साहाय्य घ्यावे. फीट येणाऱ्या वा हृदयविकार असणाऱ्या मुलांचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा.

शिक्षकांनी एक वही ठेवावी. ‘प्रगती चांगली’ असे मोघम न लिहिता, आज किती वेळा चेंडू झेलला, सोबत्याजवळ किती मिनिटे थांबला, कोणत्या आवाजाने बिथरला, एवढेच लिहावे. ती वही आईलाही दाखवावी. घरी काय घडते ते तिच्याकडून कळते.

राहिला पावसाळा. खानापूरच्या या पट्ट्यात पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो आणि बसविलेला क्रम मोडतो. क्रम मोडला की मूल मागे सरते. तेव्हा मे महिन्यातच आच्छादित जागा ठरवून ठेवावी. शाळेचा व्हरांडा चालेल, देवळाचा सभामंडपही चालेल. उन्हाळ्यात दोनचारदा मुलास तेथे नेऊन जागेची ओळख करून द्यावी. फक्कीची पावले तेथेही आखावीत, पाटी तीच न्यावी, सोबती तोच ठेवावा आणि वेळ बदलू नये.